माळ्यावर सापडलेला खापरपणजोबांचा फोटो: किती जुना, आणि तो श्रीमंतीचा पुरावा मानावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गुहागर तालुक्यातल्या जुन्या घराचं छप्पर उतरवताना माळ्यावरच्या पेटीत दोन फोटो मिळाले. एक तळहाताएवढा, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला. त्यात पागोटं, लांब कोट, खांद्यावर उपरणं, एक हात खुर्चीच्या पाठीवर, बाजूच्या टेबलावर पुस्तक आणि घड्याळ. दुसरा मोठा, चौकटीतला, नऊवारी नेसलेल्या बाईंचा, आणि तो फोटो की चित्र हेच ठरत नाही. घरात सांगतात की पहिला फोटो खापरपणजोबांचा, ‘सत्तावनच्या बंडाआधीचा’, आणि घराणं तेव्हा फार मोठं होतं, एरवी त्या काळी फोटो कोण काढून घेणार? हे कितपत खरं धरावं, असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांमधले जुने फोटो तपासण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतो. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. माझं उत्तर असं: सत्तावनच्या आधीचा हा फोटो नाही. श्रीमंतीबद्दल तो काहीच सांगत नाही. पण एक गोष्ट तो नक्की सांगतो, आणि ती मला श्रीमंतीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. तुमच्या घरातलं कोणीतरी तेव्हा गाव सोडून बाहेर होतं, आणि मागे गावात त्याच्याकडे डोळे लावून बसलेलं कोणीतरी होतं.

आधी काळ पाहू. तुम्ही दिलेलं माप साधारण अडीच इंच बाय चार इंच आहे. हे ‘कार्त-द-व्हिझीत’चं, म्हणजे भेटकार्डाएवढ्या फोटोचं माप. पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एकाच काचेच्या निगेटिव्हवर आठ छोट्या प्रतिमा घ्यायच्या, एकाच कागदावर छापायच्या आणि कापून पुठ्ठ्यावर डकवायच्या. एका बैठकीत आठ नग मिळाले की प्रत्येकाची किंमत आपोआप उतरते. युरोपात या प्रकाराची लाट आली ती १८६० च्या आसपास, आणि आपल्याकडे त्यानंतर. त्यामुळे या मापाचा पुठ्ठा १८५७ च्या आधीचा असणं जवळपास अशक्य.

याचा अर्थ मुंबईत तोवर फोटोग्राफी नव्हती असा मात्र नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या वर्तुळातले, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे आपली माणसं या कलेत अगदी आरंभापासून होती, कॅमेऱ्यामागेसुद्धा. पण ते जग डॉक्टरांचं, अधिकाऱ्यांचं, शेटियांचं होतं. गुहागरच्या माणसाने स्टुडिओत जाऊन उभं राहावं, ही पुढच्या पिढीची गोष्ट.

आता पुठ्ठा हातात घ्या. १८६० च्या दशकातला पुठ्ठा पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचा असतो. सत्तरच्या दशकात कोपरे गोलसर व्हायला लागतात आणि जाडी वाढते. ऐंशीच्या दशकात गडद रंग येतात, काळा, मरून, बाटलीहिरवा, आणि तिरप्या कापलेल्या कडांवर सोनेरी मुलामा. तुमच्या पुठ्ठ्याचे कोपरे गोल आहेत, रंग मरून आहे आणि एका कडेला सोनेरी चमक शिल्लक आहे. म्हणून मी त्याला १८८० ते १९०० मध्ये ठेवेन. थोडी सैल हद्द अशासाठी, की स्टुडिओवाले पुठ्ठ्यांचा साठा विलायतेहून मागवत आणि संपेपर्यंत वापरत. एकटा पुठ्ठा नेमकं साल सांगत नाही.

मग कागद बघा. तिरप्या उजेडात भिंग धरलंत आणि चित्राच्या थराखाली कागदाचे तंतू दिसले, रंग तपकिरी-जांभळा असला, पागोट्यासारख्या पांढऱ्या जागा पिवळ्या पडलेल्या असल्या, तर तो अल्ब्युमेन कागद. त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर असतो, आणि तो इतका पातळ असतो की डकवला नाही तर गुंडाळला जातो. म्हणूनच तो पुठ्ठा. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक कागदी फोटो याच जातीचे. तंतू अजिबात दिसले नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत असला, तर तो १८८० नंतर आलेला जिलेटिन किंवा कोलोडियनचा कागद. आणि काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, निळसर रुपेरी झाक असेल तर ते जिलेटिन कागदातलं चांदी वर आल्याचं लक्षण. कोकणच्या दमट हवेत ते फार लवकर दिसतं. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात पिवळेपणा स्पष्ट आहे, पण तंतू आहेत की नाहीत हे त्यावरून कळत नाही. ते भिंगाने तुम्हालाच पाहावं लागेल.

आता खुर्ची, पुस्तक आणि घड्याळ. श्रीमंतीची कथा इथूनच सुरू होते, म्हणून इथे जरा थांबतो.

तेव्हाचा स्टुडिओ म्हणजे उत्तरेकडून उजेड घेणारी, काचेच्या छताची मोठी खोली. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, कठडा, दूरवरचा बगीचा. पुढे कोरीव खुर्ची, टेबल, गालिचा, फुलदाणी. हे सगळं स्टुडिओचं. सकाळी एका सावकाराने ज्या खुर्चीवर हात ठेवला, त्याच खुर्चीवर दुपारी कारकुनाने ठेवला. हातात दिलेलं पुस्तकही तिथलंच. ते धरायला माणसाला वाचता यायची गरज नव्हती. पुष्कळ ठिकाणी अंगावरचा कोटसुद्धा स्टुडिओतून मिळे. कोटाच्या बाह्या मनगटाच्या खाली लोंबत असतील किंवा खांदे ताणलेले असतील, तर कोट उसना असण्याची शक्यता धरा.

हात खुर्चीवर ठेवण्यामागेही ऐट कमी आणि गरज जास्त होती. तेव्हा फोटो काचेवर घेत, आणि कोलोडियन या रसायनाचा ओला थर दिलेल्या त्या काचेला काही सेकंद उजेड लागायचा, ढगाळ दिवशी त्याहून अधिक. तेवढा वेळ माणूस हलता कामा नये. म्हणून टेकायला काहीतरी द्यायचे आणि मानेमागे लोखंडी आधार लावायचे. उभ्या माणसाच्या टाचांमागे कधी त्या आधाराची बैठक डोकावते. तुमच्या फोटोत डाव्या पायामागे जो काळा गोलसर भाग आहे, तो मला तसाच वाटतो. चेहऱ्यावरचा जो करारीपणा घरात कौतुकाने सांगितला जातो, त्यात या आधाराचा वाटा बराच आहे.

मग श्रीमंती कशावरून ओळखायची? स्वतःच्या वस्तूंवरून. पायातली पादत्राणं, अंगठी, भिकबाळी, उपरण्याचा काठ, कानातले मोती, हे बहुधा माणूस घरून आणतो. त्यातही गावचा खोत आणि मुंबईतला मुकादम यांच्यात फरक करणं फोटोवरून कठीण आहे. जमिनीचे कागद, खोतीची दप्तरं, घराचं वाटणीपत्रक असेल तर ते बघा. श्रीमंती तिथे सापडेल किंवा सापडणार नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही पुठ्ठ्याची मागची बाजू पाठवलीत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक पुढची बाजूच पाठवतात. मागे छापील अक्षरांत स्टुडिओच्या नावाचा तुकडा आणि ‘बॉम्बे’ एवढं उरलंय, बाकी कसरीने खाल्लंय. त्याखाली पेन्सिलीने मोडीत एक ओळ आहे. तिच्या सुरुवातीला ‘ती. मातोश्री’ असं मला लागतं. पुढचं मोडी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. पण एवढ्यावरूनही फोटोची वाट कळते. मुलगा मुंबईत, आई गावात, आणि फोटो पत्रासोबत किंवा कोणा गाववाल्याच्या हाती खाली आलेला.

कोकणातल्या पोर्ट्रेटचा प्रसार असाच झाला असं माझं मत आहे, आणि ते मी घरोघरच्या पेट्या उघडून बनवलंय. देशावरच्या संस्थानांत फोटो दरबारातून पसरला. आमच्याकडे तो आगबोटीतून आला. १८५६ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली, त्यानंतर गिरण्या वाढत गेल्या आणि रत्नागिरी जिल्हा, म्हणजे आजचं बरंचसं सिंधुदुर्ग धरून, त्यांना माणसं पुरवत राहिला. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना आगबोटी लागत. पावसाळ्यात त्या बंद. टपाल अर्ध्या आण्यात देशभर जाऊ लागलं १८५४ पासून, मनीऑर्डर १८८० पासून. घरचा कर्ता पुरुष वर्षातले बहुतेक महिने समुद्रापलीकडे, आणि दर महिन्याला त्याचे पैसे घरात. अशा घराला त्याचा चेहरा हवा असणं साहजिक आहे. फोटो हा त्या मनीऑर्डरीचा सोबती होता.

म्हणून एखाद्या घरात जुना फोटो दिसला की मी ‘तुमचं घराणं किती मोठं होतं’ हे विचारत नाही, ‘तेव्हा बाहेर कोण होतं’ हे विचारतो. या प्रश्नाला वयस्कर माणसांकडून लगेच उत्तर मिळतं. कोणी मुंबईत कारकून, कोणी गोदीत, कोणी पलटणीत, कोणी गलबतावर खलाशी.

पलटणीचं वेगळं सांगायला हवं. मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या भरती होई, आणि दापोलीचा कॅम्प हे पेन्शनर सैनिकांचं मोठं ठिकाण होतं. त्यांत महार सैनिकांची घरं पुष्कळ. अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे गोपाळ बाबा वलंगकर हे असेच एक लष्करी पेन्शनर, दापोलीला राहिलेले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद झाली, आणि त्यानंतर वडिलांचा किंवा आजोबांचा गणवेशातला, पदकं लावलेला फोटो अशा घरांत निव्वळ आठवण राहिला नाही. आपण या सरकारची नोकरी केली आहे, याचा तो दाखला झाला. गावात ज्याला कोणी ओटीवर बसू दिलं नसतं, तो त्या फोटोत खुर्चीत ताठ बसलेला असतो. त्या खुर्चीची किंमत सावकाराच्या खुर्चीपेक्षा वेगळी आहे. असे फोटो दुरुस्तीला आले की मी त्यांतलं एक पदकही ‘स्वच्छ’ करताना पुसट होऊ देत नाही.

खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या घरांत पुठ्ठ्यामागे मुंबईऐवजी कधी गोव्याचं नाव असतं. पणजीच्या सोझा अँड पॉल स्टुडिओचा त्या भागात मोठा लौकिक होता. खलाशांच्या आणि आफ्रिकेत गेलेल्यांच्या घरांत झांझिबारचं नावही निघू शकतं. तिथे गोवेकरांचेच स्टुडिओ होते, ए. सी. गोम्स यांचा आणि कुतिन्हो बंधूंचा. तेव्हा कोकणातल्या माणसाचा फोटो कोकणातच काढला असणार, असं गृहीत धरू नका. ओली काच दहा-पंधरा मिनिटांत लावून, फोटो घेऊन, धुवावी लागे, सोबत अंधारी खोली हवी. अशा सामानानिशी खेडोपाडी फिरणं मुश्कील. तयार सुक्या काचा १८८० च्या सुमारास मिळू लागल्या, तेव्हा कुठे फिरत्या फोटोवाल्यांना तालुक्याच्या गावी येणं परवडू लागलं. त्यातही छपाई उन्हात व्हायची, आणि आमच्याकडे चार महिने ऊन कुठलं?

एक इशारा देतो, कारण तुमच्यासारखेच बरेच जण इंटरनेटवर जुने फोटो पाहून आपल्या फोटोशी ताडून बघतात. त्या काळात इंग्रजांनी जातीजमातींचे फोटो मोठ्या प्रमाणावर जमवले. विल्यम जॉन्सनचे मुंबईच्या रहिवाशांवरचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये निघाले. त्यात स्टुडिओत घेतलेली माणसं वेगळ्याच देखाव्यावर छापून बसवली आहेत. १८६८ ते १८७५ मध्ये सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ आठ खंडांत काढलं. त्यांतली माणसंही कॅमेऱ्यासमोर उभी आहेत, पण बहुतेकांच्या खाली माणसाऐवजी जातीचं नाव आहे, आणि आपण कसं दिसावं हे त्यांनी ठरवलेलं नाही. तुमच्या खापरपणजोबांनी स्वतःच्या पायाने जाऊन, पैसे मोजून, आईसाठी फोटो काढून घेतला. पागोटं कसं बांधायचं हे त्यांनी ठरवलं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि फोटोची पोच किती होती याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर, एकोणिसाव्या शतकात कोकणातल्या बहुसंख्य लोकांचा एकही फोटो निघाला नाही. कुळं, गावातच राबणारे, आणि सर्वांत जास्त, बायका. फोटो काढला की आयुष्य कमी होतं हा समज होताच, शिवाय परक्या पुरुषासमोर बसणं आलं. ज्यांचं बालपण कल्याणला आणि संसाराची सुरुवातीची वर्षं अलिबागला गेली, त्या आनंदीबाई जोशींचा साडीतला प्रसिद्ध फोटो १८८५ मध्ये फिलाडेल्फियात, जपानी आणि सीरियन वर्गमैत्रिणींसोबत निघालेला आहे. पण हा अपवाद. घरातल्या बाईंचा फोटो बहुधा नवऱ्यासोबत, मुलासोबत, किंवा फार उशिरा, म्हातारपणी.

इथून तुमच्या दुसऱ्या फोटोकडे येतो. तो फोटोही आहे आणि चित्रही. लहान फोटोवरून किंवा एखाद्या समूहफोटोतला चेहरा उचलून मोठा कागद छापायचा, तो फिकट ठेवायचा, आणि कलाकाराने त्यावर कोळशाने, पेन्सिलीने किंवा रंगाने काम करायचं, असा तो प्रकार. बाईंचे डोळे आणि नथ कोरल्यासारखे ठसठशीत आहेत आणि पदराच्या चुण्या मात्र धूसर, ही त्याची खूण. बहुतेकदा अशी तसबीर माणूस गेल्यावर करून घेत. त्यामुळे चौकट १९२० ची आणि आतला चेहरा त्याच्या वीस वर्षं आधीचा, असं सहज होतं. मूळ छोटा फोटो घरातच कुठेतरी असू शकतो. पोथ्यांच्या बासनात, देवघराच्या खणात, जमाखर्चाच्या वहीत शोधा.

रंगांवरून निष्कर्ष काढताना जपा. त्या काळच्या काचांना लाल आणि पिवळा रंग जवळजवळ दिसतच नसे, तो काळा येई. निळा पांढुरका येई. म्हणून कुंकू काळं दिसतं, लाल लुगडं काळं दिसतं, सावळा वर्ण अधिक गडद दिसतो. ‘आजी काळं नेसून बसली आहे’ असं म्हणून गोंधळलेली घरं मी पाहिली आहेत. डोक्यावरून पूर्ण घेतलेलं काळं वस्त्र, कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत, असं असेल तर ते ब्राह्मण विधवेचं लाल आलवण असू शकतं. कुंकू आणि बांगड्या असतील तर ते साधं लाल किंवा हिरवट-पिवळं लुगडं. तुमच्या तसबिरीत कुंकू आहे, पण ते कलाकाराने नंतर काढलेलंही असू शकतं, म्हणून मी त्यावर भर देणार नाही.

आता या दोन्ही फोटोंचं काय करायचं. चौकट घाईने उघडू नका. कागद काचेला चिकटला असेल आणि ओढलात, तर चेहरा काचेवर राहील. आधी काचेसकट फोटो काढून ठेवा. छोटा पुठ्ठा दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयवर, कडा न कापता. पाण्याने, स्पिरिटने, ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. बुरशी दिसत असेल तर सावलीत, वारा खेळेल अशा जागी सुकू द्या आणि मगच मऊ ब्रशने हलकेच झटका, नाकाला फडकं बांधून. ऊन दाखवू नका. ठेवताना आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, आतल्या भिंतीच्या कपाटात. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला लागून ठेवलेली लोखंडी पेटी पावसात आतून घामेजते, आणि कोकणातले बहुतेक फोटो वाळवीइतकेच या घामाने गेले आहेत.

नेमकं साल लावायचं असेल तर दोन धागे आहेत. एक, मोडी ओळ. तिच्यात शालिवाहन शकाचं साल असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतं, वर्षाअखेरचे महिने असतील तर ७९. दुसरा, स्टुडिओ. त्या काळच्या मुंबईच्या डिरेक्टऱ्यांत फोटोग्राफरांची नावं पत्त्यांसकट असतात. स्टुडिओ जागा बदलत राहायचे, त्यामुळे पत्त्याचा छोटासा तुकडासुद्धा काळ चार-पाच वर्षांवर आणून ठेवू शकतो. तुमच्या पुठ्ठ्यावर ‘बॉम्बे’च्या वर डावीकडे दोन अक्षरांचे अवशेष आहेत. खिडकीजवळ, उजेड बाजूने पडेल असा पुठ्ठा धरून त्या कोपऱ्याचाच एक मोठा फोटो घ्या आणि मोडी ओळीसोबत इथे टाका. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला एवढंच विचारून ठेवा: तेव्हा मुंबईला आधी कोण गेलं होतं, आणि उतरलं कोणाकडे?